पाडी मेल्याचा फोन येतो तेव्हा: गोव्याच्या अभयारण्यात काम करू पाहणाऱ्यांसाठी

निकालांचे दिवस आले की ओळखीपाळखीतून मुलांचे फोन सुरू होतात. "ताई, मला वाइल्डलाइफमध्ये काम करायचंय. काय शिकू?" मी वाळपईच्या बाजूला वाढले आणि घाटाच्या पायथ्याशी अभयारण्यात परिक्षेत्र वन अधिकारी म्हणून काम करते. आमच्याकडे सगळे आरएफओच म्हणतात. या मुलांना फोनवर जे तुटक तुटक सांगते, ते इथे एकदा सलग लिहिते.

आधी अभ्यासाचं, कारण ते लवकर आटपतं. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, वनशास्त्र, कृषी, पशुवैद्यक यांपैकी कुठलीही पदवी चालते. मी वनस्पतिशास्त्र घेतलं आणि त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही. कुठलं झाड कधी फळतं हे कळलं की प्राणी कुठे असणार हे निम्मं कळतं. पुढे वाटा फुटतात. भारतीय वन सेवेत जायचं असेल तर यूपीएससी. तिची पूर्वपरीक्षा नागरी सेवेबरोबरच होते आणि शेवटी चालण्याची चाचणी असते. चार तासांत मुलांना २५ किलोमीटर आणि मुलींना १४ किलोमीटर चालावं लागतं. राज्यात राहायचं असेल तर गोवा लोकसेवा आयोगातून सहायक वनसंरक्षक, किंवा सरकारी भरतीतून आरएफओ, वनरक्षक. आरएफओला निवडीनंतर राज्याबाहेरच्या अकादमीत दीड वर्षाचं प्रशिक्षण असतं. गोव्यातल्या सरकारी जाहिरातीत कोकणीचं ज्ञान आवश्यक असतं, मराठी असेल तर उत्तम. माझ्यासारखी मराठी शाळेत शिकलेली मुलं इथे उगीच बिचकतात. सत्तरी, डिचोली, पेडणे या गोव्याच्या तालुक्यांत आपण दोन्ही भाषा ऐकतच मोठे होतो.

संशोधनाकडे ओढा असेल तर डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत वन्यजीवशास्त्राची एमएस्सी आहे, बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतही आहे. तिथून शिकलेले लोक प्रकल्पांवर जीवशास्त्रज्ञ म्हणून येतात. पगार कमी आणि करार छोटा, पण जंगलात घालवायला मिळणारे तास माझ्यापेक्षा जास्त. माझा निम्मा दिवस फायलींत जातो, हे आधीच सांगून ठेवते.

आता गोव्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. सगळं राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं. त्यात एक राष्ट्रीय उद्यान आणि सहा अभयारण्यं. चोडण बेटावरचं डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं, सगळं खारफुटीचं, रायबंदरहून फेरीबोटीने जायचं. बोंडला आठ चौरस किलोमीटरचं. बाकीची मोठी, म्हणजे म्हादई, भगवान महावीर आणि मोले, नेत्रावळी, खोतीगाव, ही घाटाला लागून एकापुढे एक पसरली आहेत आणि त्यांची कूस कर्नाटकातल्या भीमगड नि काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाला भिडते. चोडणला नेमणूक झाली तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाठ करावं लागेल, घाटात झाली तर काजूचं. दोन्हीकडे खुर्ची एकच असली तरी काम वेगळं.

घाटातल्या कामाबद्दलच मी अधिकाराने लिहू शकते. म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्यं १९९९ साली, राष्ट्रपती राजवटीत, जनरल जेकब राज्यपाल असताना जाहीर झाली. जंगलाच्या दृष्टीने तो फार मोठा निर्णय होता. पण या हद्दींच्या आत गावं होती आणि आहेत. त्यांची कुळागरं (घराजवळच्या सुपारी-नारळाच्या बागा), काजूच्या बागा, देवराया, गुरं चारायच्या वाटा सगळं आत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे कुणाचा कुठला हक्क ते चौकशी करून ठरवायचं असतं आणि ते काम वर्षानुवर्षं मागे राहिलं. त्यामुळे नवा अधिकारी गावात पाऊल टाकतो तेव्हा त्याच्या आधी ही सगळी थकबाकी गावात पोचलेली असते. हे तुम्ही केलेलं नसतं, तरी उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते.

माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष. चवथीच्या आदल्या दिवशी दुपारी एका गवळी-धनगर आजोबांचा फोन आला. "बाय, पाडी गेली. वाघान नेली." पाडी म्हणजे गाईचं मादी वासरू. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात, पट्ट्यांचा असेल तर पट्टेरी वाघ. मी पंचनाम्याला कोण येऊ शकेल ते बघू लागले. पशुवैद्यकीय डॉक्टर सुट्टीवर, आमच्या भागाचा वनपाल घरी गणपतीच्या तयारीला निघालेला, जीप दुरुस्तीला. मी आजोबांना म्हटलं, "आबा, उद्या नक्की येते." त्या उद्याचा परवा झाला.

पोचले तेव्हा ओढ्याकाठी पाडीचं धड पडलं होतं. मागचा भाग खाल्लेला. दोन पावलांवर तीन कावळे मेलेले होते आणि करवंदीच्या जाळीत एक उदमांजर, तोंडाला फेस. मांसावर पांढुरकी भुकटी होती, पावसाने जरा धुपलेली, आणि कीटकनाशकाचा तो वास, जो काजूच्या फवारणीच्या दिवसांत सगळ्यांना ओळखीचा असतो. आमच्या वनरक्षकाने मला मागे ओढलं आणि म्हणाला, "मॅडम, हात लावू नका." आम्ही संध्याकाळपर्यंत तिथेच थांबलो, नमुने घेतले आणि मग ते धड जाळून टाकलं. त्या खेपेला बिबट्या परतला नाही, आमच्या आधीही येऊन गेला नव्हता. माझ्या कुठल्याही कर्तृत्वाने तो वाचला नव्हता. कायद्यात विष घालणं ही शिकारच धरतात, त्यामुळे गुन्हा नोंदवला. तो नोंदवताना माझ्या मनातून एक गोष्ट जात नव्हती. पहिल्या संध्याकाळी मी तिथे असते तर भुकटी टाकायला कुणी आलंच नसतं.

पुढे जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्या गोळावलीत एक पट्टेरी वाघीण आणि तिची तीन पिल्लं विषाने मेलेली सापडली. सगळ्या देशात ती बातमी झाली. मी त्या रात्री झोपले नाही. ते उदमांजर सारखं डोळ्यांसमोर येत होतं.

म्हणून नवीन येणाऱ्याला मी पहिली गोष्ट ही शिकवते: जनावर मेल्याचा फोन आला की त्याच दिवशी निघायचं. रात्र झाली तरी. जीप नसेल तर कुणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून. विष टाकणारा माणूस बहुधा वाट बघून थकलेला असतो. पाडी म्हणजे त्याचं पुढच्या चार वर्षांचं दूध, आणि भरपाई मिळेल की नाही हे तुमच्या एका कागदावर ठरणार असतं. वाघ, बिबट्या मोठ्या शिकारीवर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री पुन्हा येतो, हे गावाला आपल्याइतकंच ठाऊक असतं. म्हणजे मरण आणि तुमचं पोचणं यांच्यामधले तासच धोक्याचे.

पोचल्यावर काय करायचं ते पुस्तकात थोडंफार सापडतं, हाताला मात्र सरावानेच येतं. आधी लांबून बघा, पाय कुठे ठेवताय ते बघा, कारण ठसे तुमच्याच बुटाखाली जातात. ओढत नेल्याची खूण शोधा. मग गळ्याकडे या. सुळ्यांची छिद्रं असतील तर त्यांच्यामधलं अंतर पट्टीने मोजा, फोटोत पट्टी दिसली पाहिजे. वाघाचं अंतर जास्त भरतं, बिबट्याचं कमी. वाघ बहुतेक वेळा मागच्या बाजूने खायला सुरुवात करतो, बिबट्या पोटाकडून, पण यावर एकट्यावर निकाल देऊ नका. सगळ्यात महत्त्वाचं कातड्याच्या आत असतं. डॉक्टर गळ्याचं कातडं सोलतात तेव्हा खाली रक्त साकळलेलं दिसलं, तर जनावर जिवंत असताना चावा बसला. साकळलेलं नसेल तर ते आधीच आजाराने किंवा साप चावून मेलं असणार आणि नंतर कुणीतरी येऊन खाल्लं. हे मालकाला त्याच्यासमोर दाखवा. "तुमचा अर्ज बसत नाही" हे वाक्य तीन महिन्यांनी कागदावर वाचण्यापेक्षा तिथे ओढ्याकाठी समजून घेतलेलं माणूस सहन करतो. मी हे कैक वेळा पाहिलंय.

पंचनामा झाला की परत फिरायचं नाही. शिकारीजवळ दोन कॅमेरे लावायचे, दोन्ही बाजूंनी, साधारण गुडघ्याच्या उंचीवर. वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे आणि उजव्या कुशीचे पट्टे सारखे नसतात, एकाच बाजूचा फोटो मिळाला तर ओळख अर्धीच राहते. आणि रात्री माणूस बसवायचा, जवळ नाही, पण वाटेवर. गावातलाच कुणी असेल तर बरं. त्याला मजुरी द्यायची आणि ती वेळेवर द्यायची.

वर्षाचं दुसरं मोठं काम आगीचं. डिसेंबर-जानेवारीत जाळरेषा काढायच्या, म्हणजे ठरलेल्या पट्ट्यातला पालापाचोळा साफ करून किंवा नियंत्रणात जाळून टाकायचा, की पुढे वणवा आला तर तिथे थांबेल. फेब्रुवारीपासून हंगामी रखवालदार. भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीचा संदेश मोबाइलवर येतो, पण तो ठिपका ज्या कड्यावर असतो तिथे पाण्याचा बंब कधीच चढत नाही. तिथे हिरव्या पाल्याच्या डहाळ्या घेऊन झोडपणारी माणसंच लागतात. मार्च २०२३ मध्ये म्हादईसकट घाटाचा भाग कित्येक दिवस पेटला होता, हवाई दलाची आणि नौदलाची हेलिकॉप्टरं पाणी घेऊन आली. त्या दिवसांत मी पाहिलं की ज्या वाड्यावर आमचं येणंजाणं होतं तिथून बायकासुद्धा डहाळ्या घेऊन वर आल्या, आणि जिथे आम्ही फक्त नोटीस द्यायला जायचो तिथे दारं बंद होती. काजूच्या बागेतलं गवत साफ करायला लावलेली काडी हे आगीचं एक नेहमीचं कारण आहे. ते बोलायचं तर नोव्हेंबरात, बागेत बसून, चहा पिताना बोलायचं. मार्चात बोलून उपयोग नाही.

तब्येतीचं थोडक्यात. सत्तरीत माकडताप आहे. आपल्याकडे २०१५ पासून त्याने माणसं गेली आहेत. हा रोग गोचिडांतून पसरतो, आणि हिवाळ्यापासून पावसाळा लागेपर्यंत धोका जास्त. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट मोज्यात खोचलेली, आरोग्य केंद्रातून मिळणारं तेल हातापायांना लावलेलं, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे वेगळे. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचं. नवी मुलं याकडे दुर्लक्ष करतात आणि तापाने आठ-आठ दिवस पडतात, घरच्यांचा जीव टांगणीला लागतो.

प्राण्यांची मोजणी, व्यवस्थापन आराखडा, पर्यटकांची गर्दी, हे सगळं आहेच. आराखडा दहा वर्षांचा असतो. तुमच्या आधीच्याने लिहिलेला वाचा, तोही दोनदा, आणि बीटच्या, म्हणजे त्या त्या भागाच्या, वनरक्षकाबरोबर चालत चालत तपासा. कागदावर बारमाही असलेलं पाणवठ्याचं ठिकाण एप्रिलमध्ये कोरडं निघतं आणि कागदावर नसलेल्या झऱ्यावर गव्यांची पायवाट पडलेली असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये म्हादई आणि लगतच्या जंगलांचा व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला, त्यावर राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं. गावात गेलात की पहिला प्रश्न हाच येतो. माझं मत विचाराल तर वाघ इथे येतात, राहतात, पिल्लं वाढवतात, आणि त्यांना सुरक्षित जागा मिळालीच पाहिजे. तसंच, माणसाचा हक्क ठरवायचा राहिलेला असताना त्याच्याकडून समजूतदारपणाची अपेक्षा करणं मला जमत नाही. गावात मी दोन्ही सांगते.

मुली विचारतात, एकटीने रात्री जंगलात जमतं का? एकटं कुणीच जात नाही, पुरुषही नाही. निवाऱ्याला, शौचालयाला अडचणी असतात, त्या नेमणुकीच्या वेळीच मोकळेपणाने बोलून घ्या. वाड्यावरच्या बायका मात्र तुमच्याशी जे बोलतील ते पुरुष अधिकाऱ्याशी कधीच बोलणार नाहीत. कुणाच्या घरात रानडुकराचा फास आहे हे मला पहिल्यांदा एका काकीने चुलीपुढे बसून सांगितलं.

गेल्या नोव्हेंबरात त्याच आजोबांचा पुन्हा फोन आला. या वेळी रेडकू. दिवे लागायच्या आत मी पोचले. रक्त साकळलेलं होतं, अर्ज बसत होता, मी तिथेच बॅटरीच्या उजेडात कागद पुरे केले आणि त्यांचा अंगठा घेतला. रात्री वाटेवर आमच्या वनरक्षकाबरोबर बसायला त्यांचा नातू आला, घरून घोंगडं आणि भाकरी घेऊन. पहाटे कॅमेऱ्याचं कार्ड काढलं. मादी बिबट्या, मागे दोन पिल्लं, एकाची शेपटी रेडकाच्या पायावर टाकलेली. नातवाने मोबाइलवर तो फोटो मागून घेतला आणि आजोबांना दाखवायला धावत घरी गेला.