छतावर सौरसंच बसवण्यापूर्वी

सौरसंच किती किलोवॅटचा घ्यावा हे ठरवण्याआधी घरातील विजेचा वापर कमी करावा, कारण जी वीज लागतच नाही, तिच्यासाठी पॅनेल विकत घ्यावे लागत नाहीत. साधा छतपंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरच्या) पंख्याला साधारण ३० वॅट पुरतात. चार पंखे रोज दहा तास चालत असतील, तर महिन्याला सुमारे ५४ युनिट वाचतात.

त्यानंतर बारा महिन्यांच्या बिलांवरून सरासरी काढावी. एक किलोवॅटचा संच दिवसाला साधारण चार युनिट वीज देतो आणि त्याला सुमारे दहा चौरस मीटर जागा लागते. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून बसवावेत. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे काम सावली तपासण्याचे आहे: पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या नारळाची सावली एकाच पॅनेलवर पडली, तरी त्याला जोडलेल्या इतर पॅनेलचेही उत्पादन घटू शकते, म्हणून डिसेंबरात, सूर्य दक्षिणेकडे कललेला असताना, छतावर स्वतः उभे राहून सावली पाहावी.

२०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान ठरवण्यात आले. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करावा. पॅनेलवरील धूळ पहाटे, काच थंड असताना, साध्या पाण्याने धुवावी.