युद्धाच्या काळात मोबाइलवर आलेला दावा कसा तपासावा

मे २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यात संघर्ष पेटला, त्या दिवसांत एका प्रचंड स्फोटाचा व्हिडिओ फिरत होता. पाकिस्तानने भारतावर केलेला क्षेपणास्त्र हल्ला, असं त्यासोबत लिहिलेलं होतं. स्फोट खरा होता, आकाशात चढलेला तो ढगही खरा होता. पण तो ४ ऑगस्ट २०२० रोजी लेबनॉनची राजधानी बैरूतच्या बंदरात झाला होता. तिथल्या गोदामात साठवलेल्या सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा तो स्फोट होता.

युद्धात पसरणाऱ्या खोट्या माहितीचा मोठा भाग असाच असतो: दृश्य खरं, मजकूर खोटा. त्यामुळे ‘हा व्हिडिओ खरा आहे का?’ या प्रश्नाने फारसं काही हाती लागत नाही. विचारायचं ते असं: हा कुठला आहे, कधीचा आहे आणि कोणी काढला आहे? खालच्या सगळ्या पायऱ्या याच तीन प्रश्नांची उत्तरं शोधण्यासाठी आहेत. लागणारी बहुतेक साधनं फुकट आहेत आणि त्यासाठी पत्रकार असण्याची गरज नाही. चिकाटी मात्र लागते.

पायरी १: पुढे पाठवू नका, पण जपून ठेवा

दावा दिसला की आधी त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि लिंक साठवा. मूळ पोस्ट तासाभरात उडवली जाऊ शकते, म्हणून तिची प्रत वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर, ठेवलेली बरी. व्हॉट्सॲपवर दोन बाणांची खूण असेल, तर तो संदेश अनेक हातांतून फिरून आला आहे एवढंच त्यातून कळतं. पाठवणारा ओळखीचा असला तरी मूळ लेखक तो नाही.

मग दावा सुटा करा. ‘काल रात्री शत्रूच्या क्षेपणास्त्राने अमुक बंदर उद्ध्वस्त केलं, चाळीस सैनिक ठार’ हे वाचायला एक वाक्य आहे, पण त्यात पाच दावे आहेत: वेळ, जागा, शस्त्र, नुकसान आणि मृतांचा आकडा. सोबतच्या व्हिडिओत फक्त आग दिसत असते. म्हणजे पाचपैकी एकाही दाव्याचा पुरावा अजून तुमच्यासमोर आलेला नाही. हे कागदावर लिहून काढा. नेमकं काय तपासायचं आहे, ते तिथेच स्पष्ट होतं.

पायरी २: हे काम आधी कोणी केलंय का?

दाव्यातले दोन-तीन ठळक शब्द घेऊन त्यापुढे ‘फॅक्ट चेक’ लिहून शोधा. मराठीत सापडलं नाही तर इंग्रजीत, आणि घटना जिथली आहे तिथल्या भाषेतही शोधा. भाषांतराचं ॲप त्यासाठी पुरेसं आहे. आंतरराष्ट्रीय फॅक्ट चेकिंग नेटवर्कच्या आचारसंहितेशी बांधील असलेल्या संस्था आपण निष्कर्षापर्यंत कसे पोहोचलो ते पायरीपायरीने दाखवतात. निष्कर्षाइतकीच ती रीतही वाचा.

भारतात पत्र सूचना कार्यालयाचा म्हणजे पीआयबीचा फॅक्ट चेक विभाग आहे, इतर देशांतही सरकारी विभाग असतात. आपल्या विभागांविषयी, आदेशांविषयी ते चटकन खुलासा देऊ शकतात आणि तिथे ते उपयोगी पडतात. पण युद्धात सरकार हा स्वतः एक पक्ष असतो, हे विसरून चालणार नाही.

आणखी एक सावधगिरी. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियाच्या बाजूने ‘खोटं उघडं पाडणारे’ असे काही व्हिडिओ फिरवले गेले, की जे खोटं ते उघडं पाडत होते ते आधी कुठे पसरल्याचा मागमूसच नव्हता. दुसऱ्या बाजूच्या खऱ्या दृश्यांवरचाही विश्वास उडावा, हा त्यामागचा डाव. त्यामुळे ‘फॅक्ट चेक’ असा शिक्का दिसला म्हणून तपास थांबवू नका. मूळ दाव्याची लिंक दिली आहे का, पुरावा आपल्यालाही उघडून पाहता येतो का, हे बघा.

पायरी ३: दृश्याचा जुना माग काढा

सगळ्यात जास्त खोटं इथे पकडलं जातं, म्हणून वेळ कमी असेल तर निदान एवढं तरी कराच.

फोटो असेल तर तो सरळ गूगल लेन्समध्ये, म्हणजे चित्रावरून चित्र शोधणाऱ्या साधनात, टाका. व्हिडिओ असेल तर तो मध्येमध्ये थांबवून चार-पाच स्क्रीनशॉट घ्या. इनव्हिड-वीव्हेरिफाय हे ब्राउझरला जोडायचं साधन अशा चौकटी आपोआप काढून देतं. कुठली चौकट निवडायची याला महत्त्व आहे. नुसती ज्वाळा किंवा धूर शोधायला दिला तर जगभरातल्या आगी समोर येतील. इमारतीची कड, क्रेन, पाटी, पूल, डोंगराची रेघ दिसते अशी चौकट घ्या. खाली चिकटवलेला मजकूर आणि वाहिनीचं चिन्ह कापून टाका.

एका शोधयंत्रावर थांबू नका. गूगल लेन्सला न सापडलेलं कधी यांडेक्स या रशियन शोधयंत्राला सापडतं, विशेषतः पूर्व युरोपातली दृश्यं. टिनआय या चित्रशोधाच्या संकेतस्थळावर निकाल ‘सर्वांत जुना आधी’ असे लावता येतात. काहीच सापडलं नाही तर चित्र आडवं उलटवून, म्हणजे आरशात दिसतं तसं करून पुन्हा शोधा. शोधयंत्राला चकवण्यासाठी व्हिडिओ उलटवून टाकणं ही जुनी युक्ती आहे.

निकाल वाचताना एकच नियम लक्षात ठेवायचा. दाव्यातल्या तारखेच्या आधी तेच दृश्य कुठेही प्रसिद्ध झालेलं असेल, तर तो दावा तिथेच संपला. मे २०२५ मध्ये गुजरातच्या हजीरा बंदरावर हल्ला झाल्याचा म्हणून फिरलेला व्हिडिओ असाच निकालात निघाला: पीआयबीने दाखवून दिलं, की ते जुलै २०२१ मधल्या एका तेलाच्या टँकरच्या स्फोटाचं दृश्य होतं. याचं उलट मात्र खरं नाही. जुनी प्रत सापडली नाही म्हणून दृश्य नवं ठरत नाही. ते फक्त आजवर तुम्हाला सापडलेलं नसतं.

पायरी ४: जागा आणि वेळ ठरवा

इथे तपास खरा रंगतो. दृश्यातली प्रत्येक स्थिर गोष्ट साक्षीदार असते. पाट्यांवरची लिपी, वाहनांच्या नंबरप्लेटचा आकार, गाड्या रस्त्याच्या कुठल्या बाजूने जातात, विजेच्या खांबांची रचना, मिनार किंवा चर्चचा कळस, दूरवरच्या टेकड्यांची कड. यातलं जे दिसतं त्याची यादी करा आणि गूगल अर्थवर दाव्यातली जागा उघडा. दोन वस्तू जुळल्या तर तो योगायोग असू शकतो. पाच-सहा वस्तू, त्यांच्यातल्या अंतरासह आणि क्रमासह जुळल्या, तर जागा पक्की झाली असं समजायला हरकत नाही. जुलै २०१४ मध्ये पूर्व युक्रेनवर मलेशिया एअरलाइन्सचं एमएच १७ हे विमान पाडलं गेलं, तेव्हा बेलिंगकॅट या शोधपत्रकारांच्या गटाने ते पाडणाऱ्या ‘बुक’ क्षेपणास्त्रवाहू गाडीचा प्रवास असाच, रस्त्यावरच्या लोकांनी टाकलेल्या फोटो-व्हिडिओंतल्या खुणा उपग्रहचित्रांशी ताडून जोडत नेला होता.

वेळेसाठी सावल्या पाहा. सनकॅल्क या संकेतस्थळावर जागा आणि तारीख दिली की कुठल्या वेळी सावली कुठल्या दिशेला पडेल ते कळतं. ‘सकाळी सहाचा हल्ला’ म्हणून आलेल्या व्हिडिओत सावल्या पायाशी आखडलेल्या असतील, तर वेळ तरी नक्कीच चुकलेली आहे. त्या दिवशीच्या हवामानाची नोंदही बघा: व्हिडिओत रस्ता ओला आणि नोंदीत आठवडाभर पाऊस नाही, असं आढळतं.

मोठ्या आगीचा दावा असेल तर नासाच्या ‘फर्म्स’ नकाशावर उपग्रहांनी टिपलेले उष्णतेचे ठिपके दिसतात. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं मोफत मिळतात. त्यांत एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर, त्यामुळे रणगाडा दिसणार नाही, पण जळालेला तेलसाठा किंवा धावपट्टीजवळचा मोठा काळा डाग दिसू शकतो. ढग असतील तर काहीच दिसत नाही. तेव्हा ‘उपग्रहचित्रात नुकसान दिसलं नाही’ यावरून ‘नुकसान झालंच नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

आवाजही ऐका. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटरला जवळपास तीन सेकंद. क्षितिजावर लखकन प्रकाश दिसतो आणि त्याच क्षणी कानठळ्या बसवणारा आवाज येतो, तेव्हा तो आवाज नंतर जोडला असण्याची शक्यता बरीच आहे.

पायरी ५: गेम, डीपफेक आणि चॅटबॉट

फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘कीव्हचं भूत’ या युक्रेनी वैमानिकाचा म्हणून गाजलेला एक व्हिडिओ डीसीएस या विमानयुद्धाच्या गेममधला निघाला. पुढे एप्रिलच्या अखेरीस युक्रेनच्या हवाई दलानेच सांगितलं, की ती दंतकथा आहे. आर्मा ३ या गेममधली दृश्यं तर इतक्या युद्धांच्या नावाने खपवली गेली, की बोहेमिया इंटरॲक्टिव्ह या कंपनीने २०२२ मध्ये ती ओळखायच्या खुणाच जाहीर केल्या: मुद्दाम धूसर केलेलं चित्र, हलता कॅमेरा, रात्रीचा काळोख, आवाज नसणं, हालचाल करणारी माणसं नसणं, धूर आणि ठिणग्या अनैसर्गिक वाटणं.

मार्च २०२२ मध्ये युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की आपल्या सैनिकांना शस्त्रं खाली ठेवायला सांगत आहेत, असा डीपफेक, म्हणजे एआयने बनवलेला बनावट व्हिडिओ, पसरवला गेला. डोकं आणि धड नीट जुळत नसल्याने तो चटकन पकडला गेला. आताचे डीपफेक तसे नसतात. बोटं मोजणं, पापण्यांची उघडझाप पाहणं या युक्त्या आता पुरत नाहीत आणि एआय ओळखणारी साधनंही चुकतात. त्यापेक्षा पलीकडचा प्रश्न विचारा: राष्ट्रप्रमुखाने शरणागती पत्करली असती, तर ती एकाच खात्यावर दिसली असती का? मूळ भाषण कुठल्या कार्यक्रमातलं आहे, पूर्ण लांबीचं कुठे आहे, ते शोधा.

चॅटबॉटला विचारून दावा निकालात काढू नका. मे २०२५ मध्येच एक्सवरच्या ग्रोक या चॅटबॉटने सुदानमधल्या खार्तूम विमानतळाचा जुना व्हिडिओ पाकिस्तानच्या नूर खान हवाई तळावरचा हल्ला म्हणून सांगितला होता. त्याच्याकडून शोधायचे शब्द घ्या, भाषांतर करून घ्या. निकाल घेऊ नका.

पायरी ६: सांगणाऱ्याला हे कळलं कसं?

दृश्य नसलेले दावे तपासायला जास्त अवघड जातात. तिथे बातमी देणाऱ्याच्या नावापेक्षा एक प्रश्न महत्त्वाचा: त्याला हे कळलं कसं? निळ्या खुणेवर जाऊ नका, एक्सवर ती पैसे देऊन मिळते. खातं कधी उघडलं, महिन्यापूर्वी ते कशाविषयी लिहीत होतं, हे पाहा. कालपर्यंत क्रिकेटवर लिहिणारं खातं आज आघाडीवरच्या बातम्या देत असेल, तर त्या कुठून उचलल्या ते शोधा.

दहा ठिकाणी तीच बातमी म्हणजे दहा पुरावे नव्हेत. सगळ्यांचा उगम एकाच पोस्टमध्ये असेल तर पुरावा एकच. मे २०२५ मध्ये भारतातल्या अनेक वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या चालवल्या. बंदर शाबूत होतं. नावाजलेल्या संस्थाही घाईत चुकतात: नोव्हेंबर २०२२ मध्ये पोलंडमधल्या एका गावात क्षेपणास्त्र पडून दोघे ठार झाले, तेव्हा असोसिएटेड प्रेसने एका अनामिक अधिकाऱ्याच्या हवाल्याने ते रशियाचं असल्याचं दिलं आणि नंतर ती बातमी मागे घेतली. ते युक्रेनच्या हवाई संरक्षणाचं असावं, असं नाटो आणि पोलंडने सांगितलं. सरकारी घोषणाही यातून सुटत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये काळ्या समुद्रातल्या स्नेक आयलंडवरचे रक्षक मरण पावल्याचं युक्रेनने जाहीर केलं होतं. नंतर ते जिवंत, रशियाच्या कैदेत असल्याचं कळलं. हे सगळं जाणूनबुजून बोललेलं खोटं असेलच असं नाही. पहिल्या काही तासांत खरी माहिती कोणाकडेच पुरेशी नसते, आणि म्हणून त्या तासांतल्या आकड्यांवर विसंबू नये, असं माझं ठाम मत आहे.

ज्या बाजूचा विजय व्हावा असं मनापासून वाटतं, तिच्या दाव्यांना ही चाळणी दुप्पट कडक लावा. शत्रूचं खोटं आपण आपसूक तपासतो. आपल्या बाजूचं खोटं डोळ्यांसमोरून आनंदाच्या भरात निघून जातं.

पायरी ७: निकाल लिहा आणि सांगा

‘खरं’ आणि ‘खोटं’ यांशिवाय दोन निकाल हाताशी ठेवा. ‘दिशाभूल’ म्हणजे दृश्य खरं, संदर्भ खोटा. ‘अजून माहीत नाही’ हाही पूर्ण आणि प्रामाणिक निकाल आहे, युद्धात तो वारंवार द्यावा लागतो. ‘खोटं’ म्हणायला तितकाच भक्कम पुरावा हवा जितका ‘खरं’ म्हणायला. गाझाच्या युद्धात मुलांच्या खऱ्या मृत्यूंनाही बाहुल्या आणि नाटक म्हणून हिणवलं गेलं. मेलेल्या लेकराचं दुःख अभिनय आहे, असं उगाच म्हणणं ही खोटी बातमी पसरवण्याइतकीच गंभीर गोष्ट आहे.

गटात सांगताना खऱ्या माहितीने सुरुवात करा: ‘हा २०२० चा बैरूतचा स्फोट आहे, ही लिंक’. खोटा मथळा पुन्हा वर लिहू नका आणि तो व्हिडिओ दाखवावाच लागला तर चित्रावरच ‘खोटा दावा’ असं ठळक लिहा. पाठवणाऱ्याला आधी खासगीत सांगितलं तर तो स्वतःच काढून टाकण्याची शक्यता वाढते.

तपासात सापडलेलं सगळं जाहीर करायचं नसतं. सैन्याच्या हालचालीची ताजी जागा तुम्ही ओळखली असेल तर ती स्वतःजवळच ठेवा. घरात अडकलेल्या, मदत मागणाऱ्या माणसाचा पत्ता तर कधीच नको. युद्धकैद्यांचे चेहरे पुसून टाका: त्यांना लोकांच्या कुतूहलाचा विषय करण्यापासून संरक्षण तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या कलम १३ ने दिलेलं आहे.

‘अजून माहीत नाही’ ठरलेले दावे तारखेसह एका वहीत लिहून ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा शोधा. तोवर नवी उपग्रहचित्रं आलेली असतात, घटनास्थळी पोहोचलेल्या वार्ताहरांचं लेखन आलेलं असतं आणि मूळ व्हिडिओ काढणारा माणूसही अनेकदा पुढे आलेला असतो. निकाल बदलला तर ज्या गटात आधी सांगितलं होतं, त्याच गटात नवी माहिती टाका.