दोन वर्षांपूर्वीचा फ्लॅगशिप की कालचा मिड-रेंज? घेण्याआधीचा हिशोब

दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये हे हमखास दिसतं. एका बाजूला दोन-तीन वर्षांपूर्वी पंचाहत्तर हजारांना आलेला आणि आता निम्म्यावर उतरलेला फ्लॅगशिप, म्हणजे कंपनीचा सगळ्यात वरच्या दर्जाचा फोन, दुसऱ्या बाजूला गेल्याच महिन्यात आलेला नवाकोरा मिड-रेंज, म्हणजे मधल्या किमतीचा. किंमत जवळपास तीच. घेणारा गोंधळतो आणि दुकानदार ज्यात मार्जिन बरं तो डबा पुढे सरकवतो.

फोनमधल्या काही गोष्टी वयाबरोबर संपत जातात: बॅटरी, अपडेटची मुदत, सर्व्हिस सेंटरमधला सुट्या भागांचा साठा. काही गोष्टी संपत नाहीत: कॅमेऱ्याची लेन्स आणि सेन्सर, काच, फ्रेम, वॉटरप्रूफिंगचा दर्जा (हा थोडा उतरतो, पण मुळात असावा तर लागतोच). जुन्या फ्लॅगशिपमध्ये न संपणारा माल उत्तम असतो आणि संपणारा थोडाच उरलेला असतो. मिड-रेंजमध्ये बरोबर उलटं. म्हणून लाँचची तारीख बघून नव्हे, काय किती उरलंय ते मोजून फोन घ्यायचा.

आधी अपडेटचे महिने मोजा

कंपनी जेव्हा 'पाच वर्षं सुरक्षा अपडेट' म्हणते, तेव्हा ती पाच वर्षं फोन पहिल्यांदा बाजारात आला त्या दिवसापासून धरलेली असतात, तुमच्या बिलाच्या तारखेपासून नाही. फसगत सगळ्यात जास्त इथेच होते. सॅमसंग गॅलेक्सी एस२३ फेब्रुवारी २०२३ मध्ये आला, त्याला चार अँड्रॉइड आवृत्त्या आणि पाच वर्षं सुरक्षा अपडेट. म्हणजे मुदत २०२८ च्या सुरुवातीपर्यंत. हाच फोन २०२६ च्या दिवाळीत सीलपॅक घेतलात तरी हातात सव्वा वर्ष उरतं. त्याच्या पुढचा एस२४ जानेवारी २०२४ चा, पण त्याला सात वर्षं, म्हणजे २०३१. दोघांच्या जन्मात एका वर्षाचं अंतर, उरलेल्या आयुष्यात तीन वर्षांचं. गूगलनेही पिक्सेल ८ पासून (ऑक्टोबर २०२३) सात वर्षं द्यायला सुरुवात केली. पिक्सेल ७ त्या रेषेच्या अलीकडे राहिला. जुना फ्लॅगशिप घ्यायचाच तर या रेषेपलीकडचा घ्या.

आयफोनला लेखी मुदत मोठी सांगितली जात नाही, पण इतिहास बघता येतो: २०१८ चे एक्सएस आणि एक्सआर आयओएस १८ पर्यंत चालले आणि आयओएस २६ ला गळले, २०१९ चा आयफोन ११ त्यात टिकला.

मग साधा भागाकार करा. फोनची किंमत अधिक एका बॅटरीबदलाचा खर्च, भागिले महिने. महिने म्हणजे अपडेटचे उरलेले महिने किंवा तुम्ही फोन खरंच जितके महिने वापरता ते, यातला लहान आकडा. समजा बॅटरीबदल तीन हजार धरला:

- एस२३ सारखा, ३६,००० ला, उरलेले १५ महिने: ३९,००० ÷ १५ = महिना २,६०० रुपये.
- एस२४ सारखा, ४२,००० ला, तुम्ही चार वर्षं वापरणार: ४५,००० ÷ ४८ = महिना साधारण ९४० रुपये.
- नवा मिड-रेंज २८,००० ला, चार वर्षांहून जास्त अपडेट, चार वर्षं वापर, बॅटरी मोठी म्हणून बदल धरला नाही: महिना साधारण ५८५ रुपये.

किमती उदाहरणापुरत्या आहेत, तुमच्यासमोरचे आकडे घाला. पहिला पर्याय तिथेच बाद होतो. दुसऱ्या-तिसऱ्यात महिन्याला साडेतीनशेचा फरक. आता प्रश्न सोपा झाला: झूम कॅमेरा, आयपी६८ (पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा), वायरलेस चार्जिंग आणि वेगवान चिप यांसाठी महिन्याला साडेतीनशे द्यायचे का? फोटो काढणाऱ्याने द्यावेत. व्हॉट्सअॅप, यूट्यूब आणि यूपीआय एवढंच करणाऱ्याने देऊ नयेत.

अपडेट संपले म्हणून फोन दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. पण नव्याने सापडलेली भोकं बुजवली जात नाहीत, आणि ज्या फोनमध्ये बँकेची अॅप आहेत त्यात ती उघडी ठेवणं बरं नाही. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, मग अँड्रॉइड व्हर्जन किंवा सॉफ्टवेअर इन्फॉर्मेशन इथे शेवटच्या सुरक्षा पॅचची तारीख दिसते. दुकानातल्या डेमो फोनवरही बघता येते, फक्त तो आधी अपडेट केलेला असायला हवा.

नवं नाव, जुनी चिप

'नवा' फोन आतून नवा असेलच असं नाही. क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ६एस जेन ३ ही चिप २०२४ मध्ये आली, पण ती बहुतांशी २०२१ च्या स्नॅपड्रॅगन ६९५ चाच नवा अवतार आहे. मीडियाटेकच्या हेलिओ जी९९ आणि जी१०० मध्येही फरक शोधावा लागतो. नावात 'एस' किंवा 'लाइट' दिसलं की चिप ६ नॅनोमीटरची की ४ नॅनोमीटरची एवढी एक गोष्ट बघा (आकडा लहान तितकी चिप नव्या धाटणीची). नावापेक्षा ती खरं बोलते.

जुन्यातही खड्डे आहेत. स्नॅपड्रॅगन ८८८ आणि ८ जेन १ या दोन चिप तापतात. आपल्या एप्रिल-मेमध्ये उन्हात गूगल मॅप लावून गाडीच्या होल्डरवर ठेवलेला असा फोन ब्राइटनेस आपोआप उतरवतो आणि ऐन वळणावर नकाशा दिसेनासा होतो. ८ प्लस जेन १ नाव जवळपास तेच, पण ती टीएसएमसी या दुसऱ्या कंपनीच्या कारखान्यात बनली आणि बरीच थंड चालते. ८ जेन २ तर आजही बऱ्याच नव्या मिड-रेंज चिपना मागे टाकते. एका 'प्लस'साठी दोन हजार जास्त पडले तरी द्या.

स्टोरेजकडे कुणी बघत नाही, आणि फोन दोन वर्षांत हँग व्हायला लागतो तो बहुतेक वेळा इथूनच. स्वस्त नव्या फोनमध्ये अजून ईएमएमसी ५.१ हे जुन्या, संथ प्रकारचं स्टोरेज असतं, ज्याची कमाल मर्यादा सेकंदाला ४०० एमबी. यूएफएस ४.० या नव्या प्रकाराची त्याच्या दहापट, सुमारे ४,२०० एमबी. एकाच मॉडेलमध्येही फरक असतो: एस२३ च्या १२८ जीबीत यूएफएस ३.१ आहे आणि २५६ जीबीत ४.०. जीएसएमअरीना या वेबसाइटवर मॉडेलचं पान उघडा, 'मेमरी' या ओळीत हे लिहिलेलं असतं. तिथे ईएमएमसी दिसलं तर फोन कितीही नवा असो, सोडा.

बॅटरी डब्यातही म्हातारी होते

लिथियम बॅटरी वापरली नाही तरी झिजते, आणि उष्णतेत जास्त झिजते. पत्र्याच्या गोदामात दोन उन्हाळे काढलेला सीलपॅक फोन 'नवा' असला तरी त्याची बॅटरी नवी नसते. फार काळ पडून पूर्ण उतरलेली बॅटरी तर आतून खराब होते. चार्जरला लावल्यावर चार्ज भराभर वाढतो आणि तितक्याच भराभर उतरतो. म्हणून जुन्या मॉडेलच्या हिशोबात बॅटरीबदल आधीच धरायचा. अधिकृत सेंटरला फोन करून बॅटरी आणि डिस्प्ले या दोघांची किंमत विचारा, आणि त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे माल शिल्लक आहे का ते विचारा. 'मागवावा लागेल, पंधरा दिवस' असं उत्तर आलं तर ते मॉडेल उतरणीला लागलंय असं समजा.

क्षमतेत नव्या मिड-रेंजची सरशी आहे. तेवढ्याच जागेत जास्त चार्ज मावणाऱ्या सिलिकॉन-कार्बन बॅटऱ्या आल्यापासून ६,००० ते ७,००० एमएएच सहज मिळते. एस२३ मध्ये ३,९०० आहे. दिवसभर फिल्डवर असणाऱ्या, डिलिव्हरी किंवा विक्रीचं काम करणाऱ्या माणसाला एवढं एकच कारण पुरे. त्याने नवा मिड-रेंज घ्यावा आणि पुढचं वाचू नये.

वापरलेला आयफोन असेल तर बॅटरी हेल्थ (मूळ क्षमतेपैकी किती उरली ते) ८५ टक्क्यांच्या खाली नको. ॲपलच्याच सांगण्यानुसार आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० चार्ज-चक्रांनंतर ८० टक्के राहतात, १५ पासून हा आकडा १,००० आहे, आणि १५ पासून चक्रांची संख्याही सेटिंगमध्ये दिसते. वापरलेल्यात १४ आणि १५ मध्ये निवडायचं तर तेवढ्यासाठी आणि यूएसबी-सी साठी १५ घ्या.

काउंटरवर

डबा हातात घ्या आणि उलटा करा. मागच्या स्टिकरवर एमआरपीजवळ बारीक अक्षरात उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना-वर्ष छापलेलं असतं. ते छापणं कायद्याने बंधनकारक आहे. हा महिना आजपासून दीड वर्षापेक्षा मागचा असेल तर दुसरा डबा मागा, दुसरा नसेल तर किंमत आणखी तोडा. स्टिकरवर भारतातल्या उत्पादकाचा किंवा आयातदाराचा पत्ता नसेल तर तो बाहेरून आणलेला माल आहे, वॉरंटी विसरा.

फोन सुरू करून *#०६# दाबा. येणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, डब्यावरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. मग के-वाय-एम ही तीन इंग्रजी अक्षरं, मोकळी जागा आणि १५ अंकी आयएमईआय असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. दूरसंचार विभागाच्या यादीतून मॉडेल आणि स्थिती येते. 'डुप्लिकेट' किंवा 'ब्लॅकलिस्टेड' आलं तर पैसे खिशातच ठेवा. 'ओपन बॉक्स' किंवा 'रिफर्बिश्ड'साठी ही पायरी सोडूच नका.

एमोलेड डिस्प्लेच्या जुन्या फोनमध्ये उभी हिरवी किंवा गुलाबी रेघ येण्याचा रोग आहे, बऱ्याचदा मोठं अपडेट टाकल्यावर, फोन तापलेला असताना. दुकानात करता येईल ती चाचणी अशी: पूर्ण राखाडी चित्र उघडा, ब्राइटनेस अगदी खाली आणा, हाताची सावली करून बघा. डाग, पट्टे, एका कोपऱ्यातला पिवळेपणा इथेच दिसतो; झगमगत्या डेमो व्हिडिओत कधीच दिसत नाही. मग दहा मिनिटं ४के व्हिडिओ रेकॉर्ड करत ठेवा. 'फोन तापलाय' म्हणून रेकॉर्डिंग थांबलं, तर आत काय चाललंय ते कळलं.

स्वतःचं सिम दोन्ही स्लॉटमध्ये घालून ५जी बघा. भारतात ५जी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालं. त्याआधी 'फ्युचर रेडी' म्हणून विकलेल्या २०२०-२१ च्या काही फोनमध्ये ५जीचे एक-दोनच बँड (लहरींचे पट्टे) आहेत. एन७८ हा बँड हवाच. जिओ वापरत असाल तर एन२८ ही हवा, कारण भिंतींच्या आत तोच पोचतो. शिवाय जिओचं जाळं स्टँडअलोन, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणाऱ्या पद्धतीचं असल्यामुळे फोनला ती पद्धत यावी लागते.

अमेरिकेतून भाऊ-वहिनी येताना स्वस्तात फोन आणणार असतील तर आधी दोन गोष्टी विचारून घ्या. एक, तो कुठल्या मोबाइल कंपनीला लॉक केलेला नाही ना. दोन, तिथल्या आयफोनमध्ये १४ पासून सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं सिम. आपल्याकडे ई-सिम मिळतं, पण फोन बिघडल्यावर सिम काढून आईच्या फोनमध्ये टाकता येत नाही.

बिल पक्कं, जीएसटी क्रमांक आणि आयएमईआय लिहिलेलं. कच्च्या चिठ्ठीवर पाचशे कमी होत असतील तर ते पाचशे नकोत.

कधी एक पायरी वर चढावं

सप्टेंबरमध्ये नवा आयफोन आला की आधीचा दहा हजारांनी उतरतो आणि लोक आधीच्यावर तुटून पडतात. दरवेळी ते शहाणपणाचं नसतं. २०२५ मध्ये आयफोन १६ चा १२८ जीबीचा फोन ६९,९०० वर आला, आणि नवा १७ होता ८२,९००. तेरा हजार जास्त, पण १७ मध्ये सुरुवातच २५६ जीबीपासून आणि स्क्रीन १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारी. १६ मध्ये ६० हर्ट्झ. दुप्पट स्टोरेज आणि एक वर्ष जास्त आयुष्य धरलं तर छापील किमतीला १७ स्वस्त पडतो. सेलमध्ये १६ वीस-पंचवीस हजारांनी खाली आला, तर मात्र गणित फिरतं. म्हणजे मॉडेलइतकाच त्या दिवशीचा भाव बघायचा.

फोन सोडून

लॅपटॉपमध्ये तोच हिशोब, वेगळी रेघ. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. त्यामागचा वापरलेला लॅपटॉप दहा हजारांतही महाग. नव्यात एएमडीच्या ७००० मालिकेतल्या चिपच्या नावात तिसरा अंक बघा: रायझन ५ ७५२०यू मधला २ म्हणजे २०१९ ची झेन २ रचना, ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन ३, ७५४०यू मधला ४ म्हणजे झेन ४. तिन्हींवर 'रायझन ५' हेच स्टिकर. रॅम बोर्डावर चिकटवलेली असेल तर ८ जीबीचा घेऊ नका, ती वाढत नाही.

इअरबड्स आणि पॉवरबँक जुने कधीच घेऊ नका, सीलपॅक असले तरी. बड्समधली चिमुकली बॅटरी बदलता येत नाही. एक कान अर्ध्या तासात बंद पडायला लागला की जोडी गेली. ई-रीडर मात्र बिनधास्त जुना घ्या. किंडल पेपरव्हाइटला ३०० पीपीआयचा (इंचाला ३०० ठिपक्यांचा) पडदा २०१५ पासून आहे, आणि अक्षरं तेव्हाही इतकीच ठसठशीत दिसायची. फक्त चार्जिंगचं भोक बघा: २०१८ च्या पेपरव्हाइटला मायक्रो-यूएसबी, २०२१ पासून यूएसबी-सी. घरात मायक्रो-यूएसबीची केबल अजून कुठल्या खणात आहे ते शोधून मगच पैसे द्या.