स्तन वाचवायचाय? मग रेडिएशनच्या वेळी या चुका टाळा

"स्तनाचा कर्करोग आहे, पण रेडिएशन घेतलं की ऑपरेशन टळेल ना?" हे मी टेक्निशियन म्हणून इतक्या वेळा ऐकलंय की उत्तर आता तोंडपाठ आहे. टळतं ते पूर्ण स्तन काढणं. गाठ, भोवतीच्या थोड्या निरोगी भागासकट, काढावीच लागते, किरण त्यानंतर.

दुसरं टोक म्हणजे गाठ निघाली, कडा स्वच्छ आल्या, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला कर्करोग दिसला नाही, की "आता कशाला?" म्हणून गायब व्हायचं. सर्जन बर्नार्ड फिशर यांच्या अमेरिकेतल्या, रुग्णांवरच्या चाचणीचे २० वर्षांचे निकाल २००२ मध्ये आले. नुसती गाठ काढलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के जणींच्या त्याच स्तनात आजार परतला. रेडिएशनही घेतलेल्यांत सुमारे १४ टक्के. आणि स्तन वाचवला म्हणून आयुष्य घटलं, असं काही दिसलं नाही. सत्तरीपुढच्या काही जणींना रेडिएशनमधून सूट मिळते, पण ती डॉक्टरांनी द्यायची, शेजारणीने नव्हे.

माझी खास डोकेदुखी म्हणजे किरणांची जागा नेमकी साधायला छातीवर केलेल्या खुणा. एक बाई चौथ्या दिवशी टेबलावर झोपल्या आणि फुली लेझरच्या रेघेला जुळेचना. नीट पाहिलं तर शाई निळी. आमची जांभळी असते. "आंघोळीत गेली हो. तुम्ही रागवाल म्हणून मुलाच्या पेनाने परत काढली." चांगली बोटभर खाली! मशीन थांबवलं, इमेज घेऊन जागा पडताळली, मग नव्या खुणा केल्या. रागावले नाही असं कशाला सांगू? रागावलेच. खूण पुसली तर तशीच या. तेव्हापासून मी पहिल्याच दिवशी बजावते: घासू नका, गिरवू नका.

खांद्याचे व्यायाम टाळू नका. हात डोक्यावर जात नसेल तर टेबलावर नीट झोपवताच येत नाही. सांगितल्याशिवाय त्या जागी पावडर, सुगंधी मलम नको. बाहेरून दिलेले किरण अंगात राहत नाहीत, नातवाला खुशाल मांडीवर घ्या.

घाई करणाऱ्यांचं मात्र मला कळतच नाही. पंधरापैकी दहा सिटिंग झाली, त्वचा लाल झाली, की "पुरे आता". अहो, त्वचा सगळ्यात जास्त चिडते ती बऱ्याचदा कोर्स संपल्यावर आठ-पंधरा दिवसांत! ती दाखवा, मलम मिळेल. पाच दिवसांचा कोर्सही आहे, पण त्यात रोजचा डोस वेगळा, आखणी वेगळी. पंधराचा कोर्स पाचव्या दिवशी सोडला म्हणजे तो पाचाचा होत नाही.