बायोस अपडेट फसलं? मग घाबरून या चुका करू नका

जुलैतली संध्याकाळ, बाहेर झोडपून पाऊस. कळंब्याचा एक पोरगा स्कूटीवर पायापाशी कॅबिनेट उभं करून, त्यावर स्वतःचा रेनकोट घालून कोल्हापुरात राजारामपुरीला माझ्याकडं आला. स्वतः चिंब, कॅबिनेट कोरडं. "दादा, बोर्ड गेला."

बी-450 चिपसेटचा मदरबोर्ड. रायझन 5 2600 प्रोसेसर काढून 5600 बसवायचा म्हणून आधी बायोस नवं करायला घेतलेलं. 38 टक्क्यांवर लाइट गेली. परत आली तेव्हा पंखे फिरत होते आणि स्क्रीन काळी.

"बरं, मग पुढं काय काय केलंस?" पोरगं गप्प.

हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. बायोस म्हणजे बोर्डावरच्या आठ पायांच्या चिपमधला, मशीन सुरू करून देणारा मजकूर, बहुतेक वेळा 16 किंवा 32 एमबीचा. तो अर्धवट लिहिला गेला तर पुन्हा लिहिता येतो. खरा इस्कोट होतो तो त्यानंतरच्या अर्ध्या तासात, मालकाच्याच हातानं.

काळी स्क्रीन म्हणजे बोर्ड मेला असं नाही

अपडेट नीट झालं तरी पहिल्यांदा चालू होताना बोर्ड रॅमची ओळख नव्यानं करून घेतो. डीडीआर5 च्या मशीनवर, विशेषतः एएमडीच्या एएम5 सॉकेटवर, यात काही मिनिटं जातात. तेवढ्यात लोक तीनदा रीसेट दाबून मोकळे होतात. घड्याळ लावून दहा मिनिटं थांबा, चहा टाका.

तरी काही दिसलं नाही तर मागचा स्विच बंद करा, वायर काढा, सीआर2032 सेल काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा आणि पाच मिनिटांनी सेल परत लावा. जुन्या सेटिंगमुळं अडलेला बोर्ड एवढ्यावर सुटतो. मात्र अपडेट मध्येच तुटलं असेल तर यानं भागत नाही, कारण सेल काढून चिपमधला मजकूर बदलत नाही. इथं फ्लॅशबॅक लागतो, म्हणजे पेन ड्राइव्हवरून बोर्डानं स्वतःच बायोस परत लिहून घेणं.

पेन ड्राइव्हचा घोळ

बोर्डाच्या मागं पोर्टांशेजारी फ्लॅशबॅकचं बारकं बटण असेल तर तुम्ही सुटलात. प्रोसेसर नको, रॅम नको. पॉवर सप्लायच्या वायरी लागलेल्या आणि मशीन बंद, एवढं पुरे. तरी दहातले सात जण इथंच अडकतात.

कारणं तीच ती. फाइल झिपमधून बाहेरच काढलेली नसते. नाव बदललेलं नसतं: एमएसआयला 'एमएसआय.रॉम', गिगाबाइटला 'गिगाबाइट.बिन', तर आसुसच्या झिपमध्ये नाव बदलून देणारं छोटं टूलच येतं. नावं अर्थातच इंग्रजी अक्षरांत, आणि विंडोज एक्स्टेन्शन लपवत असेल तर 'रॉम' दोनदा लागलेलं असतं, ते दिसत नाही. पेन ड्राइव्ह भलत्याच पोर्टात असतो. फ्लॅशबॅकचा पोर्ट एकच, त्याला वेगळी चौकट किंवा खूण असते. फॉरमॅट फॅट32 हवा, आणि 32 जीबीच्या वर विंडोजची नेहमीची फॉरमॅट खिडकी तो पर्यायच देत नाही. ड्रॉवरमधला जुना 8 जीबीचा सापडला तर तोच वापरा.

दिवा लुकलुकत असेपर्यंत हात लावू नका. आसुसवर दिवा पाच सेकंद लुकलुकून तसाच पेटून राहिला, तर समजा सुरुवातच झाली नाही. फाइल किंवा पेन ड्राइव्ह परत तपासा.

कळंब्याच्या बोर्डाला हे बटण होतं. सात मिनिटांत काम झालं.

क्लिप लावायच्या आधी

बटण नसेल तर प्रोग्रॅमर, म्हणजे चिपला क्लिप लावून तिच्यात थेट लिहिणारं छोटं यंत्र. ऑनलाइन स्वस्तात मिळणारा काळा सीएच341ए घेऊन पुष्कळ जण बसतात. त्यातल्या बऱ्याच नगांत डेटा लाइनवर 5 व्होल्ट येतात, चिप मात्र 3.3 ची. काही तर 1.8 च्या: विनबॉन्ड कंपनीची 25क्यू128 एफव्ही 3.3 ची, एफडब्ल्यू 1.8 ची. भिंगाखाली शेवटची अक्षरं वाचल्याशिवाय क्लिप लावू नका.

लिहिण्याआधी चिपमधलं आहे ते दोनदा वाचून घ्या, दोन्ही प्रती जुळल्या तरच पुढं जा. नेटवर्क कार्डाची ओळख असलेला मॅक पत्ता, सीरियल नंबर, लॅपटॉपमध्ये विंडोजची की, सगळं तिथंच असतं. 16 एमबीच्या चिपला फाइल नेमकी 16,777,216 बाइटची हवी. थोडी मोठी असेल तर तिच्या सुरुवातीला कॅप्सूलचा मथळा, म्हणजे कंपनीनं जोडलेला जादा तुकडा आहे, तो कापावा लागतो. आणि बोर्डाच्या कोपऱ्यावर छापलेलं रिव्हिजन, म्हणजे बोर्डाची आवृत्ती, बघा. चुकीची फाइल दिली तर प्रोग्रॅमर तुम्हाला अडवणार नाही.

लाइटीचं म्हणाल तर घरी इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्याच्यावर यूपीएस मोडचा स्विच असतो, तो साध्या मोडवर असेल तर लाइट जाताच पीसी रीस्टार्ट होऊ शकतो. मी तर पावसाळ्यात यूपीएसशिवाय बायोसला हात लावत नाही.

आता पोरानं काय केलं होतं ते. चार वेळा रीसेट दाबून झाल्यावर त्याला वाटलं, प्रोसेसर हलला असेल. कूलर सरळ वर ओढला. मशीन गार, प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट घट्ट. लॉक असूनही 2600 कूलरला चिकटून सॉकेटबाहेर आला. एएम4 च्या प्रोसेसरला खाली 1331 पिना, त्यातल्या एका कडेच्या अकरा झोपलेल्या. तो विकून नव्याचे थोडे पैसे काढायचे होते त्याला. पेन्सिलीच्या रिकाम्या धातूच्या टोकानं मी दहा उभ्या केल्या. अकरावी तुटली.

5600 बसवून मशीन चालू झालं. रात्री साडेनऊला फोन. "दादा, स्क्रीनवर वाय का एन विचारत होतं, मी वाय दाबला. आता निळी स्क्रीन की मागतीय."

प्रोसेसर बदलला की बोर्ड एफटीपीएम, म्हणजे सुरक्षेच्या चाव्या जपणारा कप्पा, रीसेट करू का विचारतो. ड्राइव्हला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप, असेल तर वाय म्हटल्यावर 48 अंकी रिकव्हरी की लागते. बिटलॉकर आधीच तात्पुरतं थांबवायचं असतं. ते विचारायचं माझ्याकडूनही राहिलं होतं. ती की निघाली त्याच्या बहिणीच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर, कारण विंडोज तिच्या मेलनं सुरू केलेलं. ती रात्रपाळीला होती. पावणेबाराला तिनं अंक फोनवर वाचून दाखवले.