हॉर्न गप्प झालाय? बॉनेट उघडण्याआधीची तयारी

आधी एक मदतनीस गाठा. एकाने स्टिअरिंगवरचं बटण दाबायचं, दुसऱ्याने फ्यूजबॉक्सला कान लावायचा. चावी ऑन, इंजिन बंद, पंखा आणि गाण्यांचा टेपही बंद. रिलेचा, म्हणजे बटणाच्या इशाऱ्यावर हॉर्नचा करंट चालू करणाऱ्या स्विचचा, बारीक 'टिक' आला, तर बटण आणि स्टिअरिंगची वायरिंग ठीक आहे. दोष रिलेच्या पॉइंटपासून (आतल्या संपर्कापासून) हॉर्नच्या अर्थिंगपर्यंत कुठेतरी आहे. टिक आलाच नाही, तर फ्यूज, रिलेची कॉइल किंवा बटण. निम्मं काम इथेच होतं, तेव्हा ही पायरी गाळून थेट नवा हॉर्न आणायला धावू नका.

फ्यूजबॉक्सच्या झाकणावरचा नकाशा वाचून ठेवा आणि जळलेल्याच अँपिअरचा जादा फ्यूज हाताशी असू द्या. 15 च्या जागी 30 चा घालणं म्हणजे वायरिंग जाळायची सोय. शेजारी त्याच नंबरचा दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून पाहता येते. नव्या गाड्यांत रिले कधी कंट्रोल युनिटच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डब्याच्या, आतच असतो. मग ही युक्ती चालत नाही.

मल्टिमीटर असेल तर उत्तम, पण माझा भरवसा टेस्ट लॅम्पवर जास्त. इंडिकेटरचा 12 व्होल्ट, 21 वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी आणि क्लिपा जोडा. कारण असं की, जोड गंजून जेमतेम टेकलेला असला तरी मीटर खुशाल 12 व्होल्ट दाखवतो. बल्बला मात्र पावणेदोन अँपिअर लागतात, तो लगेच मिणमिणतो. हॉर्नचा कपलर (वायरींचा प्लग) काढून बल्ब तिथे लावा आणि बटण दाबायला सांगा. लख्ख पेटला तर हॉर्न गेला. मंद पेटला तर अर्थची क्लिप तिथून काढून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला धरा. आता उजेड वाढला तर अर्थिंग सैल किंवा गंजलेलं. वाढला नाही, तर पॉझिटिव्हच्या वायरीत किंवा रिलेच्या पॉइंटमध्ये शोधा. बंपरमागे चिखलपाणी उडतं, पावसाळ्यानंतर तिथल्या पिनांवर हिरवट थर हमखास सापडतो. म्हणून बारीक पॉलिशपेपर, 10 चा पाना आणि इन्शुलेशन टेप सोबत ठेवा. ॲक्सेसरीवाल्याने जादा हॉर्न बसवला असेल तर त्याचे पिळलेले जोड सगळ्यात आधी उकला.

कानात कापूस घाला. हॉर्न हातभर अंतरावर वाजणार आहे. निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 हॉर्न वाजवायला बंदी आहे, तेव्हा हे काम दिवसाच करा.

आता स्टिअरिंग. टिक येत नाही आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवाही लागलाय, तर संशय क्लॉक स्प्रिंगवर, म्हणजे स्टिअरिंगच्या चाकासोबत गुंडाळत-उलगडत जाणाऱ्या, हॉर्नचं बटण आणि एअरबॅग दोन्हींच्या चपट्या केबलवर. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला मीटर किंवा बल्ब लावायचा नाही, अजिबात नाही. हे काम बॅटरीचं निगेटिव्ह काढून, मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबून, जाणकार मेकॅनिकनेच करावं. बॅटरी सोडवण्याआधी टेप पुन्हा सुरू करायला लागणारा कोड तेवढा लिहून ठेवा.