मराठवाड्यात शेतमाल थेट शेतकऱ्याकडून घ्यायचा तर शोध कुठून सुरू करावा

रस्त्याच्या कडेला 'गावरान' अशी पाटी लावलेलं दुकान हा शेवटचा पर्याय ठेवा. शेतमाल शेतकऱ्याच्या हातातून पुढे सरकतो ती ठिकाणं ठरलेली आहेत: बाजार समितीतली आडत, डाळमिल, लाकडी घाणा, खव्याची भट्टी, गुऱ्हाळ, हळद शिजवायचे कुकर. कुणाच्या रानात काय उभं आहे आणि ते कधी निघणार, हे तिथल्या मापाड्याला, हमालाला, भट्टीवाल्याला तोंडपाठ असतं. दुकानदाराला ते माहीत नसतं, आणि असलं तरी तो सांगणार नाही.

आधी महिना, मग जिल्हा

हंगाम माहीत नसला की फसगत ठरलेली. मार्चमध्ये कुणी 'मराठवाडा केसर'ची पेटी पुढे केली, तर आंबा चांगला असेलही, पण इथला नाही. इथला केसर खऱ्या अर्थानं मे महिन्यात सुरू होतो आणि जूनपर्यंत चालतो. बालाघाटाच्या डोंगरातलं सीताफळ, म्हणजे बीड, धारूर, अंबाजोगाई हा पट्टा, साधारण नवरात्रापासून दिवाळीपर्यंत. मोसंबीसाठी जालना, अंबड आणि पैठण तालुक्यातलं पाचोड. आंबे बहाराचं (हिवाळ्याअखेर फुललेलं) फळ पावसाळा सरताना येतं, मृग बहाराचं (पावसाळ्याच्या तोंडाला फुललेलं) उन्हाळ्याच्या तोंडाला. हुरडा डिसेंबर-जानेवारीत, नवी तूर जानेवारीत, रब्बी ज्वारी मार्चमध्ये. हळदीसाठी वसमत आणि हिंगोली, मार्चनंतर. द्राक्षाला जालन्याजवळचं कडवंची, केळीला अर्धापूर, हिरव्या मिरचीला भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई, वाळल्या लाल मिरचीला धर्माबाद.

भौगोलिक मानांकन मिळालेली नावं आता पाट्यांवर सर्रास दिसतात: जालना मोसंबी, बीडचं सीताफळ, मराठवाडा केसर, वसमत हळद, लातूर जिल्ह्यातली बोरसुरी तूर आणि पानचिंचोलीची चिंच. मानांकन त्या भागातल्या त्या मालाला असतं, पाटी लावणाऱ्याला नसतं. नाव वापरून विकणारा शेतकरी किंवा कंपनी 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदलेली आहे का, एवढा एकच प्रश्न विचारा.

आठवडी बाजारात कुणापाशी थांबायचं

मधल्या मोठ्या पालांत बहुतेक व्यापारी बसतात. ज्याच्यापुढे आठ-दहा प्रकारच्या भाज्या कॅरेटमध्ये रचून ठेवलेल्या आहेत, त्यानं तो माल पहाटे लिलावात घेतलेला असतो. शेतकरी बसतो कडेला, पोतं अंथरून, आणि त्याच्यापुढे एक नाहीतर दोन जिनसा असतात. वांगी लहान-मोठी मिसळलेली, मेथीच्या मुळांना काळी माती चिकटलेली, शेजारी घरचे शेरभर तीळ किंवा जवस. अशा ठिकाणी 'मावशी, रान कुठल्या शिवारात?' असं विचारलं की गावाचं नाव लगेच येतं. व्यापारी इथं अडखळतो किंवा शहराचं नाव सांगतो.

सकाळी दहा-अकराच्या सुमारास जा. तीन-चार वाजले की शेतकऱ्याला परतीची गाडी गाठायची असते. भाव उतरतो, पण बोलायला त्याला वेळ नसतो आणि निवडलेला मालही संपलेला असतो. धान्य मापानं देत असतील तर पायलीचा भाव ऐकून खूश होऊ नका. पायली हे आकारमानाचं माप. कुठल्या गावाची पायली किती किलोची, यात फरक पडतो आणि ज्वारीची पायली नि तुरीची पायली वजनात सारखी भरत नाही. एकदा काट्यावर घालून किलोचा भाव काढा.

कोणाला फोन करायचा

तालुका कृषी अधिकारी कार्यालयात 'सेंद्रिय माल कुठं मिळेल?' असं विचारलं तर उत्तर मोघम येतं. प्रश्न नेमका ठेवा: 'तालुक्यात कोणत्या शेतकरी उत्पादक कंपनीकडं चालू डाळमिल आहे?' किंवा 'उमेदच्या कोणत्या बचत गटाकडं अन्न परवाना आहे?' (उमेद म्हणजे महिला बचत गटांचं राज्याचं अभियान.) आत्मा या कृषी विस्तार योजनेच्या तालुका तंत्रज्ञान व्यवस्थापकाकडं अशा गटांची यादी असते. यादीतल्या सगळ्याच कंपन्यांकडं खायचा माल मिळत नाही, हेही धरून चला. काहींचं काम बी-बियाणं आणि खतं विकण्यापुरतंच असतं. म्हणून फोनवर पहिलं विचारायचं ते 'पॅकिंग तुमचं का, आणि आज शिल्लक किती?'

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात 18 मे या वर्धापन दिनाला खरीप मेळावा आणि 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, रब्बी मेळावा भरवायची प्रथा आहे. गर्दी बियाण्यासाठी असते, पण बचत गट आणि उत्पादक कंपन्यांचे स्टॉलही लागतात, आणि एका दिवसात आठही जिल्ह्यांतले नंबर हाताशी येतात. तारीख आधी खात्री करून घ्या. जिल्ह्याचा धान्य महोत्सव उन्हाळ्यात भरतो, वर्षाची ज्वारी-डाळ भरायला तो बरा. लातूर-धाराशिवकडं ओळख असेल तर येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचा रानातला सण, चुकवू नका. त्या दिवशी सगळं गाव रानात असतं आणि कोण काय पिकवतो हे भज्जी-आंबील खाता खाताच कळतं.

डाळ: इथं हिशेब करा

चार माणसांच्या घराला वर्षाला साधारण 40 ते 50 किलो तूरडाळ लागते. तयार डाळ घेण्यापेक्षा तूर घेऊन मिनी डाळमिलवर भरडून घेणं परवडतं का, ते असं काढा. बाजार समितीचा त्या दिवसाचा सर्वसाधारण दर कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर क्विंटलमध्ये मिळतो. समजा तो 7,000 रुपये आहे. शंभर किलो तुरीतून 70 किलोच्या आसपास डाळ उतरते. म्हणजे नुसती तूरच डाळीमागं 100 रुपये किलो पडली. त्यात भरडाई आणि गाडीभाडं घाला. चुनी (डाळीचा चुरा) आणि सालपट तुम्ही परत घेणार की मिलवाला ठेवणार, हे भाव ठरवतानाच बोला. जनावरं असलेल्या घराला चुनीचे पैसे होतात, आणि नंतर बोललं की वाद होतो. शेतकऱ्याला बाजार समितीच्या दरापेक्षा थोडं जास्त द्या. त्याची आडतीपर्यंतची गाडी आणि हमाली वाचते, तुमचा मधल्या व्यापाऱ्याला जाणारा नफा वाचतो. दोघांचं जमतं ते याच फरकात.

गडबड बहुतेकदा ओलाव्यामुळं होते. तूर दाताखाली धरून चावा. 'कट' असा आवाज होऊन दोन तुकडे झाले तर वाळलेली. दबली तर आणखी दोन-तीन उन्हं हवीत. ओली तूर भरडली तर साल नीट सुटत नाही, चुरा वाढतो आणि साठवलेल्या डाळीला महिन्याभरात किडा लागतो. घरच्या डाळीचा रंग दुकानातल्यासारखा चकचकीत नसतो, कडेला कुठं साल चिकटलेली असते. ती खोट नाही. पॉलिश न केल्याची खूण आहे.

ज्वारीचंही तसंच. एक किलो पिठाच्या दहा-बारा भाकरी होतात, त्यावरून आपल्या घराचं वर्षाचं पोतं मोजा. मालदांडी आणि दगडी यांचा भाव वेगळा, तेव्हा वाण विचारल्याशिवाय सौदा करू नका. अवकाळी पावसात भिजलेली ज्वारी काळपट पडते आणि भाकरीला चव राहत नाही. मूठभर दाणे पांढऱ्या कागदावर पसरले की लगेच दिसतं.

हळद, तेल, खवा

हळद पूड घेऊ नका, कांडी घ्या. वाळलेली कांडी मोडताना कडक आवाज येतो आणि आतला भाग गर्द नारिंगी दिसतो. वाकली तर कच्ची वाळवलेली. बाहेरून नको इतकी पिवळी चकाकत असेल तर ग्लासभर पाण्यात टाका. लगेच झगझगीत पिवळा रंग सुटला तर वरून रंग चढवलेला आहे, परत करा. घरी दीड-दोन किलो कांडी वर्षाला पुरते. गड्डे (हळदीचे मूळ गोल कंद) स्वस्त मिळतात, फक्त दळायला चिवट.

करडईचं तेल घाण्यावर स्वतः उभं राहून काढून घ्या. दहा किलो करडईला अडीच-तीन किलो तेल, बाकी पेंड. आधीच्या गिऱ्हाईकाचं शेंगदाण्याचं तेल घाण्यात राहिलेलं असतं, म्हणून पहिलं पावशेर वेगळ्या भांड्यात धरा. ताजं तेल गढूळ असतंच. दोन-तीन दिवस न हलवता ठेवून वरचं ओतून घ्या, तळाचा गाळ बाटलीत गेला तर तेल लवकर खवट होतं.

खव्यासाठी धाराशिव जिल्ह्यातला भूम तालुका, त्यातही कुंथलगिरी. सकाळच्या भट्टीचा घ्या, उन्हाळ्यात त्याच दिवशी वापरा. म्हशीच्या लिटरभर दुधाला दोनशे ग्रॅमच्या आसपास खवा पडतो, त्यामुळं दुधाच्या भावाच्या पाचपटीहून स्वस्त खवा असूच शकत नाही. शंका आली तर चिमूटभर पाण्यात उकळून थंड करा आणि आयोडीनचा थेंब टाका. निळं झालं तर पिठाची भेसळ.

कागद

शेतकरी स्वतःच्या रानातलं कच्चं धान्य, भाजी, फळ विकत असेल तर त्याला अन्न परवाना लागत नाही; तो मागून त्याला कोड्यात टाकू नका. डाळ, तेल, पापड, लोणचं, मसाला असा प्रक्रिया केलेला पाकीटबंद माल असेल तर मात्र अन्न परवान्याचा 14 आकडी नंबर पाकिटावर हवा. सेंद्रिय म्हणून जास्त पैसे मागत असतील तर गटाचं पीजीएस प्रमाणपत्र (गटातले शेतकरी एकमेकांची रानं तपासून देतात ते) किंवा 'इंडिया ऑरगॅनिक'चं चिन्ह पाहा. दोन्ही नसेल तर रान बघायला जा, आणि भाव मात्र साध्या मालाचाच द्या.

जाताना स्वतःची स्वच्छ पोती न्या. खताच्या रिकाम्या पोत्यात धान्य भरून देणारे अजून भेटतात. फोनमध्ये नंबर नोंदवताना नाव, गाव, पीक, महिना असं लिहा: 'पाटील काका, निलंगा, तूर, जानेवारी'. नुसतं 'पाटील काका' लिहून ठेवलं तर पुढच्या हंगामात यादीत सहा पाटील काका निघतात, आणि पहिले पाच मोसंबीवाले असतात.